सापळा भरतो, तरी आंबा किडतो

बागेतले प्रश्न

जून-जुलैमध्ये आलेल्या पत्रांतले चार प्रश्न या वेळी घेतले आहेत. चारही शेवटी किडीच्या नाकाशी नाहीतर जिभेशी येऊन थांबतात, म्हणून एकत्र.

प्रश्न : बाई, नमस्कार. घरामागे मानकुराद आंब्याची सहा झाडं आहेत. दोन वर्षं फळमाशीचे सापळे लावतो. रोज मूठभर माश्या मरून पडतात. तरी मेच्या अखेरीस उतरवलेल्या आंब्यांत निम्म्याहून जास्त किडलेले निघाले. औषध नकली आहे का?
– एक बागायतदार, डिचोली

उत्तर : औषध खरं आहे. नकली असतं तर मूठभर सोडा, एकही माशी आली नसती. पुढच्या वेळी सापळा वर्तमानपत्रावर रिकामा करा आणि भिंग घेऊन एकेका माशीचं पोट बघा. मादीचं पोट मागे निमुळतं होत सुईसारखं टोकदार होतं. नराचं गोल, बोथट. या मेमध्ये मी आमच्या सोप्यावर बसून शंभर मोजल्या. शंभरच्या शंभर नर. आंब्यात अंडी घालते ती मादी, आणि ती तुमच्या सापळ्याकडे वळूनही बघत नाही.

सापळ्यातला वास मिथाइल युजेनॉलचा. त्याचा शोध आपल्याच देशात लागला. बिहारमधल्या पुसा इथल्या कृषी संशोधन संस्थेत हॉवलेट नावाचे इंग्रज कीटकतज्ज्ञ होते. त्यांच्या शेजाऱ्यानं डास येऊ नयेत म्हणून रुमालावर सिट्रोनेलाचं तेल लावलं, तर डास राहिले बाजूला आणि फळमाश्याच रुमालावर जमल्या. हॉवलेटनी पाहिलं तर सगळे नर. हे त्यांनी 1912 साली प्रसिद्ध केलं आणि 1915 पर्यंत तेलातला नेमका कोणता घटक नरांना ओढतो तेही शोधून काढलं. आज तुम्ही सापळ्यात जो वासाचा ठोकळा टांगता त्याचं मूळ तिथं आहे.

मग फक्त नर मारून काय उपयोग? उपयोग आहे, पण जागा बघावी लागते. प्रशांत महासागरातल्या रोटा बेटावर 1960 च्या दशकात याच वासाला कीटकनाशक जोडून नर मारत गेले आणि माशी बेटावरून नाहीशी झाली. रोटाला चहूबाजूंनी समुद्र आहे. तुमच्या सहा झाडांना चहूबाजूंनी शेजाऱ्यांची झाडं आहेत. एक नर अनेक माद्यांना पुरतो, आणि शेजारी जुळून आलेली मादी कुंपण ओलांडून तुमच्या आंब्यावर उतरते. तिला आता नर नकोच आहे, फळ हवं आहे.

ती फळावर काय करते हे एकदा बसून बघाच. मी बघितलं आहे, सकाळी, पाडाला आलेल्या मानकुरादवर. लांबून तिला आणतो पिकत्या फळाचा वास. तो ती मिशांनी घेते. मिशांवर बारीक केस असतात, त्या प्रत्येक केसाला चाळणीसारखी अगणित छिद्रं, आणि वासाचे कण त्यांतून आत शिरतात. पण उतरल्यावर नाकाचं काम संपत आलेलं असतं. मग पाय बोलतात. पायांवरच्या केसांना टोकाशी एकच छिद्र असतं, ते चव घेतं. माशी चालते, थांबते, पुन्हा चालते, डोकं सालीला टेकवते. मग मागची सुई बाहेर काढून साल टोचून बघते, आणि त्या सुईच्या टोकालाही स्पर्श-चव कळते. माझ्यासमोरच्या मादीनं तीन ठिकाणी टोचलं आणि चौथ्या जागी, देठाजवळ, स्थिर उभी राहिली. सुई बाहेर आली तेव्हा तिथं पाण्याच्या थेंबाएवढाही डाग नव्हता. दोन दिवसांनी तो आंबा कापला, तर त्या जागी गराच्या कडेला पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारख्या अळ्या.

म्हणजे तुम्हाला मादीला गाठायचं आहे. तिचीही एक भूक आहे. अंडी भरायला तिला प्रथिन लागतं, म्हणून प्रथिनाचं आमिष कीटकनाशकात मिसळून झाडाच्या बुंध्यावर आणि खालच्या पानांवर ठिपक्या-ठिपक्यांनी मारतात, फळावर नाही. प्रमाण विभागीय कृषी कार्यालयात विचारून घ्या. फळं थोडी असतील तर कागदी पिशव्या बांधणं सगळ्यांत खात्रीचं. सुई कागदातून सहसा जात नाही.

आणि पडलेला आंबा, ज्याकडे आपण बघतही नाही, तो रोज गोळा करा. अळी मोठी झाली की फळातून बाहेर उडी मारते, मातीत दोन-तीन बोटं खाली कोष करते आणि साधारण दहा दिवसांत माशी होऊन वर येते. गोळा केलेली फळं काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून उन्हात ठेवा, नाहीतर दोन हात खोल पुरा. नुसती खड्ड्यात टाकून वर पालापाचोळा ओढला तर तुम्ही माश्या पाळताय. सापळे काढू नका, पण फळ धरतं तेव्हाच लावा, आणि शक्य असेल तर सगळ्या वाड्यावर एकाच आठवड्यात. एकट्याचा सापळा शेजाऱ्याच्या माद्यांचं काही करू शकत नाही.

प्रश्न : मी नववीत शिकते. आमच्या वृंदावनातल्या तुळशीवर तपकिरी-पिवळ्या माश्या येऊन पानं चाटतात. आजोबा म्हणतात यांच्यामुळेच आंबे किडतात, तुळस मागच्या दारी न्या. आजी ऐकायला तयार नाही. कोणाचं बरोबर?
– एक विद्यार्थिनी, फोंडा

उत्तर : आजीचं. तुळस तिथंच राहू दे. आजोबांचं निरीक्षणही खोटं नाही गं, त्या फळमाश्याच आहेत. पण तुळशीवर त्या वाढत नाहीत, अंडी घालत नाहीत. तिथं येतात ते नर, आणि कशासाठी येतात हे ऐकलंस तर तुला आवडेल.

तुळशीच्या पानात तोच मिथाइल युजेनॉल असतो, जो वर काकांच्या सापळ्यात आहे. नर तो चाटतो. पोटात गेल्यावर त्याचं रूप बदलतं आणि पोटाच्या मागच्या टोकाशी असलेल्या ग्रंथीत साठतं. तिन्हीसांजेला नर तो वास हवेत सोडतो आणि मादीला बोलावतो. पोटभर तुळस चाटलेल्या नराला जोडीदार जास्त मिळतात, हे शास्त्रज्ञांनी मोजून पाहिलं आहे. म्हणजे तुझ्या अंगणात तो अत्तर घ्यायला येतो.

यातली एक अडचण आजोबांना जरूर सांग. चाटून तृप्त झालेला नर पुढे काही दिवस सापळ्याकडे कमी फिरकतो. म्हणून सापळा लवकर लावायचा, नरांना तुळस सापडण्याआधी. आणि तुळशीची पानं चेचून करवंटीत ठेवून, त्यात कीटकनाशकाचा थेंब घालून नर मारायची पद्धतही आहे. पण ते काम तू करू नकोस, मोठ्यांनी हातमोजे घालून करायचं. तू भिंगातून बघ, नर पानावर सोंड टेकवतो ती टोकाशी स्पंजसारखी पसरते.

प्रश्न : माडाची मधली पानं वाकली, खोडातून तपकिरी चिकट रस गळतो. पाडेली (नारळ उतरवणारा) म्हणाला, कान लावला तर आत कुरतडल्याचा आवाज येतो. एक माड गेला, दुसराही जाणार असं वाटतं.
– एक वाचक, काणकोण

उत्तर : हा सोंड्या भुंगा, म्हणजे तांबूस रंगाचा, लांब सोंड असलेला. आवाज येईपर्यंत अळ्यांनी आतला गाभा बराच पोखरलेला असतो. दुसरा माड लवकर दाखवा. खोडात औषध सोडण्याचं काम जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

सोंड्याला वाट दाखवते ती जखम. आधी गेंडा भुंगा शेंडा भोकसतो, किंवा आपण हिरवी पिडी (झावळी) खोडालगत छाटतो, आणि त्या ताज्या कापाचा वास मादीपर्यंत जातो. म्हणून हिरवं पान छाटायचंच तर तीन-चार फूट देठ ठेवून छाटा, आणि खोडावरच्या जखमेला लगेच डांबर लावा. त्याचबरोबर अंगणातला शेणाचा उकिरडा उकरून त्यातले गेंडा भुंग्याचे जाड पांढरे हुमणे (अळ्या) काढून टाका.

सोंड्यासाठी कामगंध सापळा मिळतो. फळमाशीच्या सापळ्यापेक्षा हा वेगळा आहे. इथं वास नराचा, पण येतात नर आणि मादी दोघंही, कारण तो ‘इथं खायला आहे, या’ असा निरोप असतो. बादलीत नुसती ती वासाची पुडी टांगू नका. उसाचे तुकडे किंवा थोडी सूर (माडी) घाला. आंबणाऱ्या गोडाचा वास जोडीला असला तर कितीतरी जास्त भुंगे येतात. एकच सांगते, पण ते महत्त्वाचं आहे : सापळा माडांच्या मधोमध ठेवू नका. बोलावलेला प्रत्येक भुंगा बादलीतच पडेल असं नाही, काही जवळच्या कोवळ्या माडावर उतरतात. कुळागराच्या (बागायतीच्या) कडेला, माडांपासून दूर ठेवा.

प्रश्न : सात शिरांच्या भेंडीवर निंबोळी अर्क मारला. वास एवढा उग्र, तरी अळ्या पानांवर तशाच. फुकट गेला का?
– एक वाचक, पेडणे

उत्तर : अळ्या मोजू नका, नवी भोकं मोजा. निंबोळीचा वास आपल्याला उग्र लागतो, पण तिची मुख्य कमाई चवीवर आहे. अळीच्या तोंडापाशी चवीचे मोजके केस असतात. निंबोळीतल्या द्रव्यामुळे त्यांतली ‘खाऊ नको’ म्हणणारी पेशी जागी होते आणि गोड ओळखणारी मंदावते. 1962 साली दिल्लीला टोळधाड आली तेव्हा तिथल्या कृषी संशोधकांनी पिकावर निंबोळीचं पाणी मारून पाहिलं. टोळ बसले, पण पीक खाल्लं नाही. तुमची अळीही पानावर उपाशी बसलेली असू शकते. शिवाय तेच द्रव्य तिचं कात टाकणं बिघडवतं, म्हणून ती मरते ती काही दिवसांनी.

आज संध्याकाळी पाच पानांना दोरा बांधा आणि भोकांभोवती पेनानं खूण करा. तीन दिवसांनी खुणेबाहेर नवी भोकं दिसली तर अर्क कमी पडला. चव लागायला अर्क पानाच्या खालच्या बाजूलाही पोचायला हवा, तिथंच अळी असते. घरगुती प्रमाण लिटरभर पाण्याला 50 ग्रॅम वाटलेली निंबोळी, रात्रभर भिजवून, फडक्यातून गाळून, थोडा साबण घालून. ऊन लागलं की द्रव्य मोडतं, म्हणून फवारणी ऊन उतरल्यावर करा. आणि रात्री पाऊस आला, जो या दिवसांत येणारच, तर उघडीप मिळताच पुन्हा मारा.