चिऱ्याच्या भिंतीचा हॅच आणि मुलीची नोकरी

नमस्कार ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगी आयटीआयला आरेखक (स्थापत्य) ट्रेडच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रात्री जेवणं आटोपली की ती लॅपटॉपवर नोटपॅड उघडून नुसते आकडे लिहीत बसते, आणि त्या आकड्यांतून स्क्रीनवर चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत किंवा मंगलोरी कौलं उमटतात. तिचे निदेशक म्हणतात, तयार हॅच (नकाशात भरायची नक्षी) असताना हा उद्योग कशाला. तुमचे दीर म्हणतात, हे सगळं आता कॉम्प्युटरच आपोआप करणार. आणि तालुक्याच्या ठिकाणच्या एका क्लासने वर्षभराच्या ‘मास्टर’ कोर्सची फी अशी सांगितली आहे की त्यासाठी तुम्ही पतसंस्थेत चौकशी करून आलात.

आधी फीचं सांगते, कारण घाई तिथे आहे. भरू नका. चार-पाच सॉफ्टवेअर एका वर्षात शिकवणारे कोर्स बहुतेक वेळा कुठलं बटण कुठे आहे एवढंच शिकवतात, आणि ते तुमची मुलगी स्वतःच शिकते आहे. नकाशे काढायचं ऑटोकॅड हे सॉफ्टवेअर बनवणारी ऑटोडेस्क कंपनी विद्यार्थ्यांना वर्षभराचा परवाना फुकट देते, शिकत असेपर्यंत तो दरवर्षी वाढवून मिळतो. त्यात इमारतीचं त्रिमितीय मॉडेल करायचं रेव्हिटही येतं. क्लासवाल्यांना एकच विचारून बघा: मुलीने काढलेला सेक्शन कोण तपासणार, आणि त्या माणसाने स्वतः किती इमारतींची वर्किंग ड्रॉइंग्ज (साइटवर बांधकामासाठी लागणारे तपशीलवार नकाशे) केली आहेत? उत्तर नीट मिळालं तर मला पुन्हा लिहा, तेव्हा पाहू.

आता हॅचबद्दल. इमारतीचा सेक्शन म्हणजे ती उभी कापली तर आत काय दिसेल त्याचं चित्र. कापलेली भिंत विटेची आहे, काँक्रीटची की दगडाची, हे साइटवरच्या माणसाला त्या भागात भरलेल्या रेघा-ठिपक्यांवरून कळतं. त्या भरावाला हॅच म्हणतात. भारतीय मानक ब्यूरोने यासाठी संकेत ठरवून दिले आहेत. बांधकामाच्या नकाशांसाठी आयएस ९६२ हे मानक आहे, आणि शाळा-कॉलेजांसाठी एसपी ४६ हे पुस्तक. आयटीआयत हातानेही तेच काढून घेतात. ऑटोकॅडमध्ये वीट, काँक्रीट, माती, वाळू यांचे हॅच तयार असतात. चिरा त्यात नाही. कोकणातली निम्मी घरं ज्या दगडात उभी आहेत तो अमेरिकेतल्या कंपनीच्या यादीत नसणार, यात नवल नाही. तुमच्या मुलीला ते खटकलं आणि तिने स्वतः करून पाहिलं. निदेशकांचं म्हणणं परीक्षेपुरतं बरोबर आहे, पण नोकरी देणारा माणूस नेमकं हे खटकणं शोधत असतो.

पुढचा भाग तिला वाचायला द्या.

तू पॅट फाइल (हॅचची रेघ न् रेघ आकड्यांत सांगणारी फाइल) लिहितेस म्हणजे तुला हे ठाऊक असेलच, तरी ताळा करून पाहा. पहिल्या ओळीत तारांकन आणि नाव. पुढच्या प्रत्येक ओळीत क्रमाने कोन, सुरुवातीचा क्ष आणि य, पुढची रेघ त्याच दिशेत किती सरकणार, दोन रेघांतलं अंतर, आणि शेवटी रेघेचे तुकडे: धन आकडा म्हणजे रेघ, ऋण म्हणजे मोकळी जागा, शून्य म्हणजे ठिपका. आपल्याकडची मॉड्युलर वीट १९० × ९० × ९० मिलिमीटर, सांध्यातल्या मसाल्यासकट २०० × १०० धरायची. तिचं एलिव्हेशन, म्हणजे समोरून दिसणारी बाजू, दोन ओळींत बसतं. आडव्या सांध्यांसाठी ०, ०,०, ०,१०० आणि उभ्या सांध्यांसाठी ९०, ०,०, १००,१००, १००,-१००. (फाइलमध्ये अर्थातच इंग्रजी आकडे.) दुसऱ्या ओळीत उभी रेघ शंभर दिसते, शंभर गायब होते, आणि शेजारची रेघ शंभराने वर सरकते, म्हणून सांधमोड आपोआप साधते. चिऱ्यासाठी उंचीच्या जागी चिऱ्याची उंची आणि रेघांच्या अंतराच्या जागी लांबीची निम्मी टाक, दोन्ही मसाला धरून. ती मापं नेटवरून घेऊ नकोस. खाणीगणिक फरक असतो, शेजारच्या बांधकामावर टेप घेऊन जा.

फाइलचं नाव आणि आतल्या पॅटर्नचं नाव एकच हवं, आणि शेवटच्या ओळीनंतर एंटर हवाच. तो राहिला म्हणून रात्र घालवलेली मुलं मी पाहिली आहेत.

चिऱ्याची भोकं दाखवायला तू शेकडो ठिपके टाकले आहेस, असं आईच्या पत्रावरून दिसतं. ते काढून टाक. १:१०० ला प्रिंट काढलीस की सगळं काळं पडतं, फाइल जड होते, आणि दाट पॅटर्न मोठ्या भिंतीवर टाकला तर हॅच फार दाट आहे म्हणून ऑटोकॅडच नकार देतं. गवंड्याला चिऱ्याला भोकं असतात हे माहीत आहे. त्याला थर किती आणि सांधे कुठे हे हवं असतं.

याहून मोठी गोष्ट म्हणजे हॅचचे दोन प्रकार असतात आणि त्यांचा गोंधळ मुरलेल्या ड्राफ्ट्समनच्या ड्रॉइंगमध्येही सापडतो. तुझी चिऱ्याची भिंत खऱ्या मापाची आहे. ती एलिव्हेशनमध्ये वापरायची, स्केल कायम १, आणि ओरिजिन (पॅटर्न जिथून सुरू होतो तो बिंदू) जोत्याच्या कोपऱ्यात धरायचा, म्हणजे पहिला थर अर्धवट येत नाही. सेक्शनमधला हॅच मात्र नुसती खूण आहे. तिथे रेघांतलं अंतर कागदावर ठरतं. मिलिमीटरच्या फाइलमध्ये एएनएसआय ३१ या तिरक्या रेघांच्या तयार हॅचच्या रेघा ३.१७५ मिलिमीटरवर असतात. १:५० च्या ड्रॉइंगला स्केल ५० दिलास की प्रिंटवर पुन्हा तेवढंच अंतर येतं. रेव्हिटमध्ये याच दोन प्रकारांना मॉडेल आणि ड्राफ्टिंग पॅटर्न म्हणतात, आणि तिथे तुझी पॅट फाइल आत घ्यायची तर एकक फाइलच्या सुरुवातीला आणि प्रकार पॅटर्नच्या नावाखालच्या ओळीत लिहावा लागतो. हा फरक ज्याला समजतो त्याला रेव्हिट निम्मं सोपं जातं.

अनगड दगडाच्या मागे सध्या लागू नकोस. त्यात एक चौकोन पुन्हा पुन्हा येतो हे डोळ्याला लगेच दिसतं, आणि ते लपवायला लिहाव्या लागणाऱ्या ओळींचा हिशोब परवडत नाही.

ताई, आता तुमच्या दिरांचं म्हणणं. ते अर्धं खरं आहे. रेव्हिटसारख्या सॉफ्टवेअरमध्ये भिंतीला एकदा साहित्य नेमून दिलं की कापलेल्या बाजूचा आणि दर्शनी बाजूचा हॅच प्रत्येक ड्रॉइंगमध्ये आपसूक येतो. म्हणजे भिंती मोजून क्लिक-क्लिक करत हॅच भरणाऱ्या माणसाची गरज कमी होत चालली आहे, आणि त्या कामाच्या भरवशावर मुलीला कुणी ट्रेडमध्ये घालत असेल तर मी नको म्हणेन. पण ते साहित्य, त्याचं माप, त्याचा पॅटर्न आधी कुणीतरी नीट बसवून द्यावा लागतो, ऑफिसभर सगळ्यांनी तोच वापरावा हे पाहावं लागतं. पुण्या-मुंबईत परदेशी आर्किटेक्टची ड्रॉइंग्ज करून देणाऱ्या कंपन्या आहेत. अमेरिकन काम फूट-इंचात येतं, ऑटोकॅडची हॅच फाइलही त्यासाठी वेगळी असते, मिलिमीटरची वेगळी. या दोन्ही फाइली उघडून आत पाहिलेली मुलगी तिथे पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडते.

तरी ‘हॅच बनवणारी’ अशी नोकरी कुठे नसते, हेही स्पष्ट सांगते. पॅटर्न विकून घर चालेल असं तिच्या डोक्यात असेल तर ते काढा. नेटवर फुकटचे ढीगभर पडलेले आहेत, आणि टाइल-विटांच्या कंपन्या आपल्या मालाचे पॅटर्न आर्किटेक्टना स्वतःच देतात. नोकरी असते ती वर्किंग ड्रॉइंग करणाऱ्याची, बीआयएम मॉडेलरची (रेव्हिटसारख्यात इमारतीचं मॉडेल करणाऱ्याची), स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडच्या ड्राफ्ट्समनची. सरकारी खात्यांत, म्हणजे सार्वजनिक बांधकाम किंवा जलसंपदात, अनुरेखक, सहायक आरेखक, आरेखक अशी पदं आहेत. जाहिराती अनियमित येतात, तेव्हा फॉर्म भरावा, पण त्यांची वाट पाहत घरी बसू नये. सुरुवातीचा पगार खासगीत बेताचाच असतो. पहिली दोन वर्षं कुणाच्या हाताखाली गेली यावर पुढचं बरंच ठरतं, म्हणून हजार-दोन हजारांसाठी चांगला सीनिअर सोडू नये.

तिला मी एक काम देते. तुमचंच घर मोजून काढायचं. प्लॅन, चारही बाजूंपैकी दोन एलिव्हेशन, आणि पडवीतून ओटा, माजघर, कौलांपर्यंत जाणारा एक सेक्शन. ए३ कागदावर, शेजारी कुठला हॅच म्हणजे काय याची खुणांची सूची. पाया कसा आहे हे उकरून पाहायची गरज नाही, घर बांधलेला गवंडी किंवा आजोबा असतील तर त्यांना विचारावं. चिऱ्याचा हॅच तिचा स्वतःचा असेल. मग हे कागद खऱ्या प्रिंटमध्ये, पीडीएफमध्ये नव्हे, एखाद्या आर्किटेक्टकडे घेऊन जायचे आणि लाल पेनाने खुणा करून मागायच्या. मुलाखतीत सर्टिफिकेटांच्या फाइलपेक्षा असा एक सेक्शन जास्त वेळ पाहिला जातो.

सोबत नगर परिषदेच्या परवानगीचा एक नकाशा मिळवून वाचायला लावा. तिथले रंगांचे संकेत वेगळे असतात, पाडायचं बांधकाम पिवळ्या हॅचने दाखवतात, प्रस्तावित काम लाल रंगात. छोट्या गावांत ड्राफ्ट्समनची रोजची कमाई बहुतेक याच कामावर चालते, आणि क्लासमध्ये ते कुणी शिकवत नाही.

पुढच्या वाटा दोन. आयटीआय झाल्यावर शिकाऊ उमेदवारी करायची, कायद्याने विद्यावेतन मिळतं आणि साइट दिसते. किंवा स्थापत्य डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घ्यायचा. माझा कल दुसऱ्याकडे आहे, कारण तिला घरं मनापासून आवडतात असं दिसतं आणि गणितासह डिप्लोमा झालेल्यांना नाटा ही आर्किटेक्चरची प्रवेश परीक्षा देऊन पाच वर्षांच्या बी.आर्क.चा दरवाजाही उघडा राहतो. ‘आर्किटेक्ट’ ही पाटी मात्र १९७२ च्या कायद्यानुसार नोंदणी झाल्याशिवाय लावता येत नाही, हे तिला आताच सांगून ठेवा. गावात लोक ड्राफ्ट्समनलाही सर्रास आर्किटेक्ट म्हणतात. पैशांची ओढ फार असेल तर आधी शिकाऊ उमेदवारी, मग डिप्लोमा, हेही चालेल.

थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी त्या वर्षीची माहितीपुस्तिका तंत्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर येते, गुणांची अट तिच्यातच पाहा. दहावीची आणि आयटीआयची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास प्रमाणपत्र, लागू असेल तर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला, एवढे कागद निकालाआधीच काढून ठेवा. तहसीलला ऐन प्रवेशाच्या दिवसांत रांगा लागतात.