परवाना गेला, ठेवींचं काय?

प्रश्न : आमच्या सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने रद्द केला. पैसे काढण्यावर निर्बंध होते तेव्हा बँक सावरेल या आशेवर मी ठेव विम्याचा अर्जच भरला नाही. माझ्या एकटीच्या नावे मुदतठेव आणि बचत मिळून ४ लाख ८० हजार, मी आणि यजमान यांच्या संयुक्त नावे ३ लाख ८० हजार, सासूबाईंच्या नावे साडेसहा लाख आहेत. शिवाय १० हजारांचे शेअर्स. शाखेबाहेर एक गृहस्थ ‘सत्तर टक्के रोख देतो, पावत्या माझ्याकडे द्या’ म्हणतात. काय करू?
– एक वाचक, नारायण पेठ, पुणे

उत्तर : ताई, त्या गृहस्थांना पावत्याच काय, पावतीची झेरॉक्सही देऊ नका. तुमचे बहुतेक पैसे पूर्ण मिळायचे आहेत आणि त्यासाठी कोणाला दलाली द्यावी लागत नाही. सहकारी बँकेत मी ठेव विभागातच नोकरी केली. घाबरून कोऱ्या कागदावर सह्या करून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगतो.

ठेव विमा महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, प्रत्येक ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखांपर्यंत देतं. ४ फेब्रुवारी २०२० पूर्वी ही मर्यादा फक्त १ लाख होती. विम्याचा हप्ता बँक भरते, तुमच्याकडून काही घेत नाही.

आता तुमचा हिशेब. तुमच्या एकटीच्या नावची सगळी खाती, कोणत्याही शाखेतली असोत, एकत्र धरतात. ४ लाख ८० हजारांवर परवाना रद्द झाल्याच्या तारखेपर्यंतचं व्याज चढून आकडा ५ लाखांपुढे गेला, तर वरची रक्कम विम्यात बसणार नाही. संयुक्त ठेव मात्र वेगळी मोजतात, तिला स्वतंत्र ५ लाखांचं संरक्षण आहे. काउंटरवर कोणी ‘सगळं मिळून पाचच लाख’ म्हणालं, तर हा नियम शांतपणे दाखवा. बँकेचं कर्ज बाकी असेल, तर ते वजा करून उरलेलं मिळतं.

सासूबाईंना महामंडळाकडून ५ लाख मिळतील. उरलेल्या रकमेचा दावा अवसायकाकडे नोंदवा. अवसायक म्हणजे बंद झालेल्या बँकेचा कारभार गुंडाळणारा अधिकारी, तो सहकार खात्यामार्फत नेमला जातो. थकीत कर्जं वसूल करणं आणि मालमत्ता विकणं हे त्याचं काम, आणि त्यातून महामंडळाचीही परतफेड करायची असते. तेव्हा या पैशांना वर्षं लागू शकतात, ते कमीही मिळू शकतात. सासूबाईंच्या औषधपाण्याचा हिशेब त्यावर बसवू नका. शेअर्सना विमा नाही. शेअरधारक रांगेत सर्वांत शेवटी असतो.

अर्ज राहून गेला म्हणून हक्क गेला नाही. निर्बंधांच्या काळात ९० दिवसांत पैसे देण्याची तरतूद २०२१ पासून आहे. रुपी बँकेचा परवाना ऑगस्ट २०२२ मध्ये रद्द केला, त्याच्या आधीच तिच्या ठेवीदारांना महामंडळाने ७०० कोटींहून अधिक दिले होते. आता तुमचं नाव अवसायकाच्या यादीतून जाईल. त्याने पदभार घेतल्यापासून तीन महिन्यांत यादी पाठवायची आणि महामंडळाने पुढच्या दोन महिन्यांत पैसे द्यायचे, असा कायदा आहे. यादीत नाव बरोबर आलंय ना, तेवढं बघा.

खरी अडचण येते ती सासूबाईंसारख्यांची. पावतीवर ‘कमल’, आधारवर ‘कमळाबाई’. नमुना सही तीस वर्षांपूर्वीची, आणि आता हात थरथरतो. याच कारणासाठी अर्ज परत येतात. त्यांना रिक्षाने शाखेत न्या, नाव आणि सही आधी दुरुस्त करून घ्या. सोबत मूळ पावत्या, पासबुक, आधार, पॅन आणि दुसऱ्या बँकेतल्या त्यांच्याच नावच्या खात्याचा रद्द केलेला चेक ठेवा. मूळ पावती हातची सोडावी लागलीच, तर शिक्का आणि तारीख असलेली पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.