तरुण न्यूट्रॉन ताऱ्यांकडून येणारे गॅमा किरण इतके विरळ असताना त्यांचे ठोके पकडतात तरी कसे?

तुम्ही विचारलंय की क्रॅब, वेला यांसारखे पल्सार (म्हणजे वेगाने गरगर फिरणारे न्यूट्रॉन तारे, फुटलेल्या मोठ्या ताऱ्यांचे अतिदाट गाभे) सेकंदाला दहा-तीस वेळा लुकलुकतात म्हणतात, पण त्यांचा गॅमा फोटॉन (प्रकाशकण) तर दर फेरीला एकसुद्धा हाती लागत नाही. मग ते 'लुकलुकतात' हे कशावरून म्हणायचं? या प्रश्नाने मलाही बरेच दिवस छळलं होतं. एमएस्सीच्या प्रकल्पात मी फर्मी या गॅमा किरण टिपणाऱ्या उपग्रहाचा डेटा घेऊन हेच काम केलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी हा विरळपणा किती आहे ते बघा. वेला पल्सारचं वय अंदाजे ११,००० वर्षं. एक फेरी ८९ मिलिसेकंदांची, म्हणजे सेकंदाला अकराहून जास्त फेऱ्या. गॅमा किरणांच्या आकाशातला हा सर्वांत तेजस्वी कायमस्वरूपी स्रोत. तरीही १० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या (हे फोटॉनची ऊर्जा मोजायचं एकक) वरचा त्याचा एक फोटॉन एक चौरस सेंटीमीटर जागेवर पडायला साधारण सव्वा दिवस लागतो. फर्मीच्या मुख्य दुर्बिणीची परिणामकारक जागा चौरस मीटरपेक्षा थोडी कमीच आहे. म्हणजे वेला अगदी समोर असला तरी पाव-अर्ध्या मिनिटातून एखादा फोटॉन मिळणार, आणि तेवढ्या वेळात ताऱ्याच्या दीडशे ते तीनशे फेऱ्या होऊन गेलेल्या असणार. तेव्हा तुमची शंका रास्त आहे. गॅमा किरणांत वेलाचा एक सुटा ठोका आजवर कुणीच पाहिलेला नाही.

दिसते ती ठोक्यांची बेरीज. प्रत्येक फोटॉनसोबत उपग्रह एक गोष्ट जिवापाड जपून नोंदवतो: तो कधी आला. फर्मीची ही नोंद मायक्रोसेकंदाहून नेमकी असते. मग आपण प्रत्येक फोटॉनला विचारायचं, 'तू आलास तेव्हा तारा आपल्या फेरीच्या कुठल्या टप्प्यावर होता?' टप्प्यांचे शंभर कप्पे करायचे आणि फोटॉन त्या-त्या कप्प्यात टाकत जायचे. तारा लुकलुकत नसेल तर सगळे कप्पे सारखे भरत जातील. लुकलुकत असेल तर दोन-तीन कप्पे उंच होत जातील.

आमच्या क्षेत्रात याला घडी घालणं म्हणतात, आणि मला हा शब्द फार आवडतो. विरळ बुट्ट्यांची लांबलचक साडी डोळ्यांपुढे आणा. बुट्ट्या ठरावीक अंतराच्या पटीतच आहेत, पण शेकडो जागा रिकाम्या सोडून मध्येच एखादी विणलेली आहे. नुसतं बघून त्यात काही नियम दिसणार नाही. बरोब्बर त्या अंतराएवढी घडी घातली की मात्र सगळ्या बुट्ट्या एकावर एक येतात. घडी सुताएवढी चुकली, तर शेकडो घड्यांनंतर त्या सगळीकडे पसरतात. वेलाच्या एका वर्षाच्या डेटात अशा सुमारे ३५ कोटी घड्या असतात, क्रॅबच्या डेटात ९० कोटींच्या वर. म्हणजे फेरीचा काळ नऊ-दहा अंकांपर्यंत अचूक ठाऊक असावा लागतो.

तारा तरुण आहे हीच यातली खरी अडचण. १०५४ साली चिनी निरीक्षकांनी जो 'पाहुणा तारा' नोंदवला, तो खरं तर ताऱ्याचा स्फोट, म्हणजे सुपरनोव्हा होता; त्या ताऱ्याचा उरलेला गाभा म्हणजे क्रॅब. आज तो सेकंदाला तीसच्या आसपास फेऱ्या घेतो, आणि फिरण्याची ऊर्जा सुमारे एक लाख सूर्यांच्या तेजाएवढ्या दराने उधळतो. तो गॅमा किरणांत उजळतो तो याच उधळपट्टीमुळे, आणि त्यापायीच दमत दमत हळूही होतो. त्याची एक फेरी रोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी लांबते. ही वाढ नगण्य वाटेल, पण ती सोडून देऊन हिशेब केला तर एकाच दिवसात जवळपास सव्वा-दीड फेरीचा फरक पडतो. म्हणजे अख्खी घडी विस्कटली. म्हातारे, स्थिरावलेले पल्सार याबाबतीत कितीतरी गुणी असतात.

दुसरी गोष्ट म्हणजे आपण स्वतः हलत असतो. पृथ्वी सूर्याभोवती फिरते, म्हणून क्रॅबचा प्रकाश वर्षाच्या एका वेळी आठेक मिनिटं लवकर पोचतो आणि सहा महिन्यांनी तेवढाच उशिरा. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या वस्तुमान-केंद्राशी नेऊन मोजतात. मी नेमकी इथेच चुकले होते. पृथ्वीची दुरुस्ती केली, पण उपग्रह पृथ्वीच्या केंद्रात बसलेला नाही हे हिशेबात घ्यायचं राहून गेलं. फर्मी केंद्रापासून सुमारे ६,९०० किलोमीटरवर फिरतो, म्हणजे प्रकाशाला वीस-तेवीस मिलिसेकंद इकडे किंवा तिकडे. वेलाची शिखरं पसरट का होईना, पण दिसत होती, त्यामुळे मला वाटलं सगळं ठीक आहे. क्रॅबची फेरीच ३३ मिलिसेकंदांची. तो पार सपाट झाला. तीन आठवडे मी फोटॉन निवडण्याच्या निकषांशी झगडत बसले, आणि दोष होता उपग्रहाच्या कक्षेची फाइल न जोडण्यात. ती जोडली तेव्हा पडद्यावर क्रॅबची दोन टोकदार शिखरं उभी राहिली. तो क्षण मी विसरू शकत नाही.

त्यातून वेलासारखे तारे मधेच दचकतात. हळू होत जाणारा तारा अचानक किंचित वेगाने फिरू लागतो; याला ग्लिच म्हणतात. १९६९ मध्ये ऑस्ट्रेलियातून वेलाची पहिली अशी उडी नोंदवणाऱ्यांत व्ही. राधाकृष्णन होते, सी. व्ही. रामन यांचे चिरंजीव. पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली. वेलाची मोठी उडी म्हणजे वेगात दहा लाखांत दोनेक भाग वाढ. तेवढ्याने जुना हिशेब अर्ध्या दिवसातच एका फेरीने चुकतो.

म्हणून या ताऱ्यांच्या नाडीवर कुणीतरी सतत बोट ठेवून असावं लागतं, आणि ते काम बहुतेक वेळा रेडिओ दुर्बिणी करतात. रेडिओत ठोका लवकर आणि स्वस्तात सापडतो. त्यावरून ताऱ्याचं वेळापत्रक बनतं आणि गॅमा किंवा क्ष-किरणवाले त्यावर आपले फोटॉन बसवतात. आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने हे काम केलं आहे. २८ सप्टेंबर २०१५ ला उडालेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहावरच्या सीझेडटीआय उपकरणाने क्रॅबच्या कठीण क्ष-किरणांचं ध्रुवीकरण (लहरी कुठल्या दिशेत कंप पावतात ते) मोजलं, तेव्हा फोटॉन फेरीच्या टप्प्यांनुसार वेगळे करायला जीएमआरटी आणि उटीच्या रेडिओ दुर्बिणीची वेळापत्रकं वापरली गेली. ध्रुवीकरण बदलताना दिसलं ते दोन ठोक्यांच्या मधल्या 'शांत' भागात. तिथे फक्त भोवतालच्या तेजोमेघाचा स्थिर प्रकाश असतो असं तोवर धरून चालत असत. माझ्या मते हे अ‍ॅस्ट्रोसॅटच्या सर्वांत सुंदर कामांपैकी एक आहे, आणि वेळ नीट मोजली नसती तर ते दिसलंच नसतं.

रेडिओचा ठोका मिळालाच नाही तर? मग आंधळा शोध. फेरीचा काळ आणि मंदावण्याचा दर यांच्या कोट्यवधी जोड्या लावून बघायच्या. २००८ मध्ये फर्मीने सीटीए-१ या सुपरनोव्हाच्या अवशेषात निव्वळ गॅमा किरणांवरून ०.३१६ सेकंद फेरीचा पल्सार शोधला, तो असाच. उपग्रहाला सोडून तेव्हा जेमतेम काही महिने झाले होते. फर्मीआधी गॅमा किरणांत ठोके देणारे पल्सार बोटांवर मोजण्याइतके होते. २०२३ च्या यादीत ते २९४ झाले.

पण इथेच फार सावध राहावं लागतं. हजारात एकदा योगायोगाने दिसेल अशी आकृती तुम्ही हजार जोड्या लावून शोधलीत, तर ती दिसणारच. म्हणून किती जोड्या लावून पाहिल्या हे प्रामाणिकपणे मोजून निकालाचा आत्मविश्वास तेवढ्या पटीने खाली आणतात. आणि भीती नुसत्या योगायोगाचीच नाही, उपकरणंसुद्धा खोटे ठोके देतात. १९८७ साली मोठा मॅगेलनी मेघ या शेजारच्या दीर्घिकेत सुपरनोव्हा दिसला, त्याचा नवजात पल्सार शोधण्याची सगळ्यांना घाई होती. १९८९ च्या जानेवारीत चिलीतून घेतलेल्या दृश्य प्रकाशाच्या निरीक्षणांत सेकंदाला १९६८ ठोके स्पष्ट दिसले. त्यांत मंद चढउतारही होते, म्हणून त्याला जोडीदार असावा असंही मांडलं गेलं. वर्षभराने कळलं की तो संकेत दुर्बीण रोखून ठेवायला लावलेल्या टीव्ही कॅमेऱ्याचा होता. संशोधकांनी दावा स्वतः मागे घेतला, आणि त्याबद्दल मला त्यांचा मनापासून आदर वाटतो. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२४ मधल्या निरीक्षणांतून तिथे न्यूट्रॉन तारा असल्याचे भक्कम पुरावे मिळाले, पण ठोके मात्र अजून सापडलेले नाहीत.

याहून जास्त ऊर्जेचे फोटॉन इतके दुर्मिळ की उपग्रह अपुरा पडतो. मग वातावरणालाच शोधक बनवावं लागतं: फोटॉन हवेत शिरल्यावर होणारा निळसर चेरेंकोव्ह चमकारा जमिनीवरच्या मोठ्या आरशांनी टिपतात. कॅनरी बेटांवरच्या मॅजिक दुर्बिणींनी २००७ ते २०१४ मधली सुमारे ३२० तासांची निरीक्षणं एकत्र करून क्रॅबचे ठोके दीड लाख कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत दाखवले. नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी २०२३ मध्ये वेलाचे २० लाख कोटींपर्यंत नेले. या ऊर्जेचे किरण ताऱ्याच्या पृष्ठभागाजवळ जन्मले असते तर तिथल्या चुंबकीय क्षेत्राने ते गिळूनच टाकले असते. म्हणजे ते बऱ्याच दूरवर, चुंबकावरणाच्या (ताऱ्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या ताब्यातल्या भागाच्या) कडेला किंवा त्याही पलीकडे तयार होत असणार. नेमके कसे, यावर वाद चालू आहे.

तुम्हाला स्वतः करून बघायचं असेल तर फर्मीचा डेटा आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना मोफत खुलं आहे. वेलापासून सुरुवात करा. त्याच्याभोवतीचं एक अंशाचं वर्तुळ, ३० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वरचे फोटॉन, आणि ज्यात ग्लिच नाही असे दोन-तीन महिने घ्या. वेळापत्रक त्याच काळाचं आहे ना ते तपासा, आणि कक्षेची फाइल आठवणीने जोडा. साध्या लॅपटॉपवर एका संध्याकाळी दोन शिखरं दिसतील. अडलात तर खाली लिहा, माझ्या जुन्या स्क्रिप्ट शोधून देते.