दाताच्या सिडेशनआधी पाच वर्षांच्या मुलाला टॅबवर गेम खेळू द्यावा का?

तुमच्या मुलाच्या दोन दाढा किडल्यात, सिडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, देऊन काम करायचं ठरलंय आणि डॉक्टर म्हणतात, येताना टॅबमध्ये गेम टाकून आणा. घरचे म्हणतात सवय लागेल. आम्हीही नागपूरचेच, आणि चार वर्षांपूर्वी याच जागी होतो म्हणून लिहितो.

द्या. खुशाल द्या.

माझा मुलगा तेव्हा पाचच वर्षांचा होता. खालची डावी दाढ, हिरडीवर पुवाची पुळी. पहिल्यांदा ज्या दवाखान्यात नेलं तिथे सिडेशन नाही, गेम नाही, चार शब्द बोलणंही नाही. खुर्चीत झोपवलं, असिस्टंटने डोकं धरलं आणि मला सांगितलं, "काही होत नाही जी, तुम्ही पाय धरा." मी धरले. तो "बाबा, सोडा ना" म्हणत होता आणि मी सोडले नाहीत. झटापटीत त्याचा एक मोजा निघून माझ्या हातात आला. काम अर्धवटच झालं. घरी येऊन कपडे बदलताना त्याच्या नडगीवर माझ्या अंगठ्याचा लाल वळ दिसला. पुढे कित्येक महिने तो त्या बाजूने घास चावत नव्हता, ब्रश जवळ नेला की ओठ घट्ट मिटून घ्यायचा. शाळेत दाततपासणीला डॉक्टर आले त्या दिवशी बाकाखाली जाऊन बसला.

दाढ पुन्हा दुखायला लागली तेव्हा धंतोलीत लहान मुलांच्या दातांच्या एका डॉक्टर बाईंकडे गेलो. त्या आधी त्याच्याशी बोलल्या, मग माझ्याशी. त्यांनीच गेम आणायला सांगितला. ठरल्या दिवशी झोपेचं गोड औषध पाजलं आणि बाहेरच्या सोफ्यावर माझ्या मांडीत बसवून गाडीचा गेम लावून दिला. हात गेमसाठी मोकळे राहावेत म्हणून ऑक्सिजन मोजायची क्लिप हाताच्या बोटाला न लावता पायाच्या अंगठ्याला लावली. वीसेक मिनिटांत त्याचा अंगठा मंदावला. गाडी डिव्हायडरला जाऊन टेकली आणि तो तिच्याकडे बघत हसत राहिला. बाईंनी टॅब ओढून घेतला नाही. बोट आपणहून उचलेपर्यंत थांबल्या, मग म्हणाल्या, "चला, गाडी पार्क करू." मी उचलून आत नेलं. नाकावर मास्क लावला तेव्हा त्याने मान फिरवली नाही. दीड वर्षाने मी पहिल्यांदा त्याला दाताच्या खुर्चीत न रडता पाहत होतो, आणि मलाच रडू आलं.

त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या जेवणाला सगळे महाल भागातल्या घरी जमलो होतो. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "ही तर लाच झाली. आपल्या वेळी बाबांनी धरून दात काढून आणला, काय झालं?" त्या दिवशी मी गप्प बसलो, आज बसत नाही. लाच काम झाल्यावर देतात. गेम तर काम सुरू व्हायच्या आधीच काढून घेतला जातो, मग लाच कुठली? ज्या पोराच्या तोंडात काय चाललंय यावर त्याचा काडीचा ताबा नाही, त्याच्या हाताला तेवढी वीस मिनिटं स्वतःचं काही काम मिळतं. दादाचं दुसरं म्हणणं, दुधाचे दात पडणारच आहेत, खर्च कशाला. मागच्या दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात. पाच वर्षांच्या पोराने तोवर काय करायचं, एका बाजूने जेवायचं?

आणि हे एकट्या माझ्या पोराचं नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या डॉक्टरांचा एक अभ्यास 2006 साली छापून आला. 4 ते 12 वर्षांची 112 मुलं, ऑपरेशनआधीची. एका गटासोबत फक्त आईवडील, दुसऱ्या गटाला आईवडील आणि मिडाझोलम हे गुंगीचं औषध, तिसऱ्याला आईवडील आणि हातात छोटा व्हिडिओ गेम. भूल देताना पहिल्या दोन गटांची भीती वाढली, गेमवाल्यांची वाढली नाही. तो दातांचा अभ्यास नव्हता, पण मास्क तोंडाजवळ येतो ती वेळ सारखीच.

आता कामाचं. गेम त्याचा सवयीचा घ्या आणि सोपा घ्या. औषध चढलं की बोटं ऐकत नाहीत, अवघड गेममध्ये पोरगं हरतं आणि चिडतं. टॅब फ्लाइट मोडवर ठेवा, ऐन वेळी फोन किंवा जाहिरात नको. आवाज कमी, डॉक्टरांचं बोलणं ऐकू यायला हवं. ड्रिल सुरू झाल्यावर गेम नको, कारण खेळताना मान हलते. नाकावरच्या मास्कमधून नायट्रस हा मूल शांत करणारा वायू देतात, त्यावर मूल जागं असतं, तेव्हा वर स्क्रीन असेल तर कार्टून चालेल.

एक गोष्ट आधी सांगायला हवी होती. गेम म्हणजे सिडेशन नाही. भूलतज्ज्ञ हजर असतील का, ऑक्सिजन आणि नाडी कोण बघणार, हे स्पष्ट विचारा. सर्दी, दमा, झोपेत घोरणं, फिट्स, काहीही असेल तर लपवू नका. उपाशी पोटाचा नियम पाळा: साधारण 6 तास आधी दूध आणि हलकं खाणं बंद, 2 तास आधी पाणीही बंद, पण तुमचे डॉक्टर सांगतील तेच शेवटचं. दूध हे पाणी नव्हे, हे आजीला आदल्या रात्रीच सांगून ठेवा. काम झाल्यावर ओठ दोन-तीन तास बधिर राहतो, तोवर तो चावत नाही ना, यावर नजर ठेवा. खर्चाची अडचण असेल तर नागपुरात मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे, तिथे चौकशी करा.

सवयीचं म्हणाल तर आमच्या घरी गेमवरून भांडणं होतात, तशी ती आधीही व्हायची. दवाखान्यातल्या त्या वीस मिनिटांनी त्यात काही भर पडली नाही.

आणि जिवावरची इमर्जन्सी नसताना कुणी तुम्हाला "तुम्ही पाय धरा" म्हणालं, तर मुलाला उचला आणि घरी या.