अनुदानावरच्या आरोग्य प्रकल्पात ‘रिसर्च अँड इव्हॅल्युएशन’ म्हणजे खरंच संशोधन असतं, की देणगीदारासाठी आकडे जुळवणं?

तुम्ही लिहिलंय की एमएसडब्ल्यू झालंय, नंदुरबारच्या एका आदिवासी आरोग्य प्रकल्पात ‘रिसर्च अँड इव्हॅल्युएशन ऑफिसर’ची ऑफर आलीय, आणि मित्र म्हणतात हे नुसतं कागद रंगवायचं काम. मी हेच काम नऊ वर्षं केलं, त्यातली पाच सातपुड्यात. तुमचे मित्र अगदीच चुकीचं बोलत नाहीत. महिन्याचा रिपोर्ट, तिमाही रिपोर्ट, फोटोंना मथळे, यूसी (पैसे कुठे खर्च झाले याचं प्रमाणपत्र), यातच बराच वेळ जातो. तरीही नोकरी घ्या असं मी सांगेन. का, ते लांबून सांगावं लागेल.

शाळेतला अपूर्णांक आठवा. वर अंश, खाली छेद. प्रकल्पाचे सगळे फोटो अंशाचे असतात: इतक्या बालकांचं वजन वाढलं, इतक्या गरोदर मातांची तपासणी झाली. तुम्हाला पगार छेदासाठी मिळणार आहे. ही मुलं कितीपैकी? आणि त्या ‘पैकी’त कोणाला धरलंच नाही?

माझ्या पहिल्याच प्रकल्पात मी इथे तोंडावर आपटले. धडगाव तालुका, तीन वर्षांचं सीएसआरचं (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायच्या पैशाचं) अनुदान, विषय कुपोषण. पैसे जुलैत आले म्हणून बेसलाइन, म्हणजे काम सुरू होतानाची मोजणी, ऑगस्टमध्ये झाली. एंडलाइन, म्हणजे शेवटची मोजणी, तिसऱ्या वर्षीच्या फेब्रुवारीत, कारण 31 मार्चच्या आत सगळं गुंडाळायचं होतं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांच्या दंडाला पट्टी लावायची, 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरलं तर सॅम (तीव्र कुपोषित), तिथपासून 12.5 च्या आत असेल तर मॅम (मध्यम कुपोषित). एंडलाइनला सॅमचं प्रमाण थेट निम्म्यावर आलं. ऑफिसात पेढे आले. मीही दोन खाल्ले.

मग डाटा साफ करताना ‘घर बंद’ हा कोड किती वेळा पडलाय ते सहज मोजलं. दर तीन घरांमागे एक! आमच्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं, घर बंद असल्यास उजव्या हाताचं पुढचं घर घ्यावं. सॅम्पल पूर्ण व्हायला हवं ना. पाड्यावर उजव्या हाताचं पुढचं घर म्हणजे कधी कधी एक अख्खी टेकडी चढून जाणं. सर्वे करणाऱ्या पोरांनी तेही केलं, चूक त्यांची नव्हती. नियम मी लिहिला होता.

एका पाड्यावर पुन्हा जाऊन पाहिलं. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं. शेळ्या आत शिरू नयेत म्हणून बोरीची काटेरी फांदी आडवी बांधलेली, आणि ओट्यावर पालथं घातलेलं मडकं. दिवाळी झाली की अशी घरंच्या घरं लेकराबाळांसकट गुजरातेत ऊसतोडीला, शेतमजुरीला जातात. मागे कोण राहतं? ज्याची विहीर आहे, ज्याच्या घरात एखादा पगार येतो, तो. म्हणजे ऑगस्टमध्ये आम्ही सगळ्यांची मुलं मोजली आणि फेब्रुवारीत त्यातल्या बऱ्या घरांची. त्यात ऑगस्ट म्हणजे कणग्या रिकाम्या आणि जुलाबाचे दिवस, तर फेब्रुवारीत धान्य घरात आलेलं. आम्ही तीन वर्षं काहीही न करता नुसते बसून राहिलो असतो, तरी आकडा सुधारला असता.

होळीला सातपुडा पुन्हा भरतो. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारापासून माणसं परतायला लागतात. त्या आठवड्यात आम्ही सहा जणी जुनी यादी घेऊन फक्त बंद घरं फिरलो. एका आईने पट्टी लावू दिली, सुटलेली गाठ पुन्हा बांधली आणि विचारलं, “मोजलं. आता देणार काय?” मूल सॅम निघालं होतं. आमच्या फॉर्ममध्ये त्यापुढे रकानाच नव्हता. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फॉर्मला ‘कुठे पाठवलं, कोणी नेलं, पोचलं का’ हे तीन रकाने असतात. फक्त मोजायला जाऊ नये एवढी समज मला एथिक्स कमिटीच्या आधी त्या बाईने दिली.

बंद घरं धरून पुन्हा हिशोब केला. सुधारणा उरली, पण चिमूटभर. ऊसतोडीहून परतलेल्या मुलांत तेवढीही नाही. आरोग्यातली समता असं प्रस्तावात आपण मोठ्या अक्षरात लिहितो, ती मोजायची जागा हीच. सरासरी वर गेली आणि सगळ्यात मागचं घर होतं तिथेच राहिलं, तर दरी वाढली. देणगीदाराकडे दोन्ही तक्ते पाठवायला संचालकांना मनवण्यात माझे दोन आठवडे गेले. पहिला तक्ता देणगीदाराच्या चकचकीत वार्षिक अहवालात छापून आला, दुसरा आमच्या परिशिष्टात राहिला. पुढच्या टप्प्याच्या प्रस्तावात मात्र स्थलांतरित कुटुंबांसाठी वेगळी तरतूद करा, असं त्यांनीच सुचवलं. यावर खूश व्हावं की चिडावं हे माझं अजून ठरलेलं नाही.

आता मृत्युदराबद्दल, कारण तुमच्या जाहिरातीत ‘बालमृत्यू कमी करणे’ असं आहे म्हणता. दहा हजार वस्ती धरा. हजारी 20 जन्म म्हणजे वर्षाला 200 बाळं. अर्भक मृत्युदर (हजार जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बाळं) 25 धरला तर वर्षाला पाच मृत्यू. पुढच्या वर्षी तीन झाले की रिपोर्टमध्ये ‘40% घट’ असं ठळक छापतात. पाचाचे तीन नुसत्या योगायोगाने होतात, आणि त्याच्या पुढच्या वर्षी सातही होतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गडचिरोलीत नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याचा प्रयोग केला, तेव्हा 39 गावांत काम आणि 47 गावांशी तुलना, सगळी मिळून ऐंशी हजारांच्या आसपास वस्ती, आणि आधी दोन वर्षं फक्त नोंदी, असं होतं. कामाच्या गावांत नवजात मृत्युदर हजारी 62 वरून तिसऱ्या वर्षी 25.5 वर आला. तुलनेच्या गावांत तो साठीच्या आसपासच राहिला. 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलं आणि 2011 पासून आशाताईंच्या घरभेटी देशभर त्याच धर्तीवर सुरू झाल्या. ती तुलनेची 47 गावं नसती तर दर आपोआपच उतरत होता असं कोणीही म्हणू शकलं असतं.

आणखी एक गंमत. नोंदणी नीट सुरू केली की पहिल्या वर्षी बालमृत्यू वाढलेले दिसतात, कारण आधी जे पुरून मोकळे व्हायचे ते आता वहीत येतात. हे देणगीदाराला आधीच, लेखी सांगून ठेवा. नंतर सांगितलं की ती सबब वाटते.

सीएसआरमध्ये 2021 पासून मोठ्या कंपन्यांना एक कोटी किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पाचं बाहेरच्या संस्थेकडून इम्पॅक्ट असेसमेंट (कामाचा खरंच किती परिणाम झाला याची तपासणी) करून घ्यावं लागतं, तेही प्रकल्प संपून किमान वर्ष झाल्यावर. नियम चांगला आहे. प्रत्यक्षात तीन दिवसांसाठी पाहुणे येतात, डांबरी रस्त्यालगतचे पाडे बघतात, आम्हीच बोलावून ठेवलेल्या बायकांशी आमच्याच माणसाच्या दुभाषेपणातून बोलतात आणि जेवून जातात. यात लबाडी असतेच असं नाही. तिसऱ्या दिवशी परतीची गाडी असते, एवढंच. तुम्ही तिथे असाल तर यादीतलं शेवटचं, रस्ता नसलेलं नाव त्यांच्या हातात ठेवा. एखादा तरी चालत जातो.

मुलाखतीत दोनच गोष्टी विचारा: बेसलाइन आणि एंडलाइन कोणकोणत्या महिन्यात ठरलीय, आणि घर बंद असेल तर काय करता. पहिल्याला ‘अनुदान येईल तसं’ असं उत्तर आलं तरी घाबरू नका, बहुतेक ठिकाणी तेच असतं. महिना बदलून घेता येतो, दोन्ही वेळा एकच महिना ठेवा एवढा हट्ट पुरतो. दुसऱ्याला समोरचा क्षणभर गप्प बसून कोणाला तरी हाक मारून विचारू लागला, तर तिथे तुमची गरज आहे. ऑफर लेटरमध्ये ‘20% प्रवास’ लिहिलंय ते वाचून हसू आलं. चांगले बूट घ्या, पावरी ही तिथली बोली शिकायला पहिल्या आठवड्यापासून लागा, आणि होळीच्या आठवड्यात रजा टाकू नका.