आरए ड्रॉइंगप्रमाणे येतो, तरी इंजिन तेल का खातं?

तुम्ही विचारलंय की लाइनर (सिलिंडरची आतली नळी) होन केल्यावर, म्हणजे दगडांनी आतून घासल्यावर, आरए (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचा सरासरी आकडा) 0.5 मायक्रॉन येतो, ड्रॉइंगमध्ये बसतो, तरी त्यातली काही इंजिनं तेल खातात, असं कसं? भोसरीत होनिंग लाइनवर तपासणीचं काम करताना याच प्रश्नाने मलाही पुष्कळ दिवस छळलंय.

आधी एक करून बघा. पृष्ठभागावरून सुई फिरवून मिळालेला चढउतारांचा (प्रोफाइलचा) आलेख छापून घ्या आणि कागद उलटा धरा. दऱ्यांचे सुळके झाले, पण आरए तसूभरही बदलला नाही. तो फक्त मध्यरेषेपासूनच्या अंतराची सरासरी काढतो. वर की खाली, हे त्याला कळत नाही. पिस्टनच्या रिंगला मात्र चांगलंच कळतं. सुळके तिला खरवडतात, दऱ्या तेल धरून ठेवतात.

म्हणून आरपीके, आरके आणि आरव्हीके हे तीन आकडे मागा. अ‍ॅबट आणि फायरस्टोन यांनी 1933 मध्ये मांडलेल्या वक्रावरून हे निघतात. कोणत्या खोलीवर किती टक्के धातू लागतो, ते हा वक्र दाखवतो. आरपीके म्हणजे सुरुवातीला झिजून जाणारे शेंडे, आरके म्हणजे रिंगचा भार पेलणारं पठार, आरव्हीके म्हणजे खालचे चरे. आरव्हीके 1.6 मायक्रॉन आणि एमआर-2 (पठार संपून चरे सुरू होतात ती टक्केवारी) 80 टक्के असेल, तर चऱ्यांचा वाटा उरलेले 20 टक्के; 1.6 गुणिले 20 भागिले 200, म्हणजे दर चौरस मायक्रॉनला 0.16 घनमायक्रॉन तेल चऱ्यांत मावतं. हे फार वाढलं तरी तेल जळतं, तेव्हा ड्रॉइंगमध्ये वरची मर्यादाही हवीच.

मोजताना सुई बोअरच्या (सिलिंडरच्या पोकळीच्या) अक्षाच्या दिशेने फिरवा, कट-ऑफ (याहून लांब लाटा वगळायची मर्यादा) 0.8 मिलिमीटर, लांबी 4 मिलिमीटर. मध्यरेषा काढायला साधा गाउसियन फिल्टर (आजूबाजूच्या बिंदूंची भारित सरासरी) लावू नका. खोल चऱ्यापाशी त्याची मध्यरेषा खाली ओढली जाते आणि शेजारचं सपाट पठार उगाच उंचवट्यासारखं दिसतं. आयएसओ 13565 च्या पहिल्या भागात (1996) दोन टप्प्यांचा फिल्टर दिलाय तो याचसाठी.

असा पृष्ठभाग मॉडेल करून कसा बघायचा, हेही तुम्ही विचारलंत; तो भाग मला सगळ्यात आवडतो. कॉम्प्युटरवर दोन यादृच्छिक पृष्ठभाग बनवा: एक जाड दगडाचा, एक बारीक दगडाचा. प्रत्येक बिंदूपाशी दोघांपैकी जो खाली असेल तो ठेवा. झालं प्लॅटो होनिंग, म्हणजे आधी जाड आणि मग बारीक दगडाने पठार काढणं! प्रत्यक्षातही बारीक दगड वरचे शेंडेच कापतो, चऱ्यांच्या तळाशी पोचतच नाही. मोजलेला वक्र संभाव्यतेच्या मोजपट्टीवर (घंटेच्या आकाराचं वितरण जिच्यावर सरळ रेषा दिसतं) काढलात तर दोन सरळ रेषा दिसतात. एकीचा उतार आरपीक्यू, तो बारीक दगडाचा; दुसरीचा आरव्हीक्यू, तो जाड दगडाचा. त्या भेटतात ती जागा आरएमक्यू, म्हणजे पठार किती टक्क्यांपर्यंत आहे ते. आकडा बिघडला की कुठल्या टप्प्यावरचे दगड बघायचे, हे लगेच कळतं. आरएवरून ते कधीच कळणार नाही.

तरीही एक गोष्ट सुईतून निसटते. एका लॉटला आमचे सगळे आकडे बसत होते आणि इंजिनं परत येत होती. शेवटी अ‍ॅसिटेटची फिल्म अ‍ॅसिटोनने मऊ करून बोअरवर दाबली, वाळल्यावर सोलली आणि मायक्रोस्कोपखाली धरली. चरे जागोजागी बुजले होते. बोथट दगडाने फाटलेला धातू त्यांच्यावर दुमडून बसला होता. दगड बदलले, पुन्हा फिल्म घेतली, तेव्हा चऱ्यांची जाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी दिसली. तुमच्या तेल खाणाऱ्या लाइनरची अशी एक फिल्म आधी काढा.