अनोळखी वाचकाला स्वतःची ओळख करून देताना

आपले लेखन पहिल्यांदाच अनोळखी वाचकांसमोर ठेवताना स्वतःविषयी काय लिहावे आणि किती लिहावे, असे तुम्ही विचारले आहे. माझ्या मते वाचकाला तुमचे चरित्र नको असते. ज्या विषयावर तुम्ही लिहिणार आहात त्याच्याशी तुमचा संबंध काय, एवढेच त्याला आधी जाणून घ्यायचे असते. जन्म, शिक्षण, पदव्या, नोकरी आणि शेवटी छंद हा क्रम नोकरीचे अर्ज लिहून आपल्या अंगवळणी पडला आहे. अर्ज वाचणाऱ्याला उमेदवारांतून निवड करायची असते, म्हणून तिथे तो योग्यच. पण वाचकासाठी त्यातले बहुतेक तपशील बिनकामाचे ठरतात.

समजा, एखादी परिचारिका वृद्धांच्या शुश्रूषेविषयी लिहू लागली आहे. ‘मी परिचारिका असून मला वाचन, प्रवास आणि संगीताची आवड आहे’ हे वाक्य खरे असले, तरी ते असंख्य जणींना लागू पडते. त्याऐवजी तिने असे लिहिले तर पाहा: ‘माझे काम बहुतांशी रात्रपाळीचे आहे. पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊन पुन्हा डोळा न लागणारी वृद्ध माणसे काय बोलतात, हे मी वर्षानुवर्षे ऐकत आले आहे, आणि त्यातले काही त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचावे म्हणून लिहीत आहे.’ तिचा अनुभव कोणता, ती कोणासाठी लिहिते आणि पुढे काय वाचायला मिळेल, हे सारे इथे वेगळे न सांगता कळते, आणि तिची पदवी कुठली हा प्रश्न वाचकाच्या मनात येतच नाही.

इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने वक्तृत्वाची मीमांसा करताना म्हटले होते की, वक्त्यावरचा विश्वास त्याच्याविषयी लोकांच्या आधीच असलेल्या मतातून नव्हे, तर प्रत्यक्ष भाषणातून निर्माण झाला पाहिजे. आणि त्यासाठी त्याने विवेक, सचोटी आणि श्रोत्यांविषयीची सदिच्छा या तीन गोष्टी आवश्यक मानल्या होत्या. लेखी ओळखीत यांपैकी सदिच्छेकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते, असे मला वाटते. वाचकाचे हित आपण जपतो हे दाखवण्याचा सर्वांत सरळ मार्ग म्हणजे स्वतःची मर्यादा आधीच सांगून टाकणे. ‘मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांच्या मात्रेविषयी इथे काहीही लिहिणार नाही’ हे त्या परिचारिकेचे एक वाक्य तिच्या सगळ्या प्रमाणपत्रांपेक्षा अधिक विश्वास मिळवून देईल.

ओळख ‘मी’ म्हणूनच लिहावी. पुस्तकाच्या मलपृष्ठावरचा लेखकपरिचय तृतीयपुरुषात असतो, कारण तिथे प्रकाशक लेखकाची ओळख करून देत असतो; आपणच आपल्याविषयी तसे लिहिले की उगाच दुरावा येतो. लांबीचे म्हणाल तर दोन छोटे परिच्छेद पुष्कळ झाले. शक्य असेल तर आधी चार-पाच लेख लिहून व्हावेत आणि मग ओळख लिहावी. आपला खरा विषय कोणता, हे अनेकदा तोपर्यंत आपल्यालाच पुरते उमगलेले नसते.

काय लिहू नये, याबाबत मात्र मी आग्रही आहे. पूर्ण जन्मतारीख, घरचा पत्ता, मुलांची नावे आणि त्यांची शाळा यांतले काहीही देऊ नये. अनेक संस्था खातेदाराची ओळख पटवण्यासाठी जन्मतारीख किंवा आईचे माहेरचे आडनाव विचारतात, आणि जिव्हाळ्याच्या भरात लिहिलेल्या ओळखीत नेमके हेच तपशील सहज येऊन जातात. ज्यांच्याविषयी लिहायचे ती माणसे तुमच्या ओळखीवरून ओळखू येणार नाहीत, हेही पाहावे. परिचारिकेने रुग्णालयाचे आणि विभागाचे नाव दिले, तर तिच्या लेखातला रुग्ण कोण, हे शोधणे अवघड राहत नाही. संकोच वाटत असेल तर टोपणनाव जरूर घ्यावे आणि ते टोपणनाव आहे हे सांगावे. व्यवसाय आणि अनुभव मात्र कल्पित नसावेत, कारण त्यांच्याच भरवशावर कोणीतरी तुमचे सांगणे आपल्या घरातल्या माणसासाठी वापरणार असते.